चार बोटं खिडकी

वाती वळायच्या कापसाचा डबा अजून फळीवर होता. झाकण वाकडं झालेलं, कडा गंजलेल्या, पण जागा तीच. मी काही त्या डब्यासाठी अकोल्याला गेले नव्हते. मी गेले होते खिडकी बंद करायला.

मागच्या मे महिन्यात बाबा भर दुपारी अंगणात चक्कर येऊन पडले. शेजाऱ्यांनी उचलून आत नेलं आणि मला अमरावतीला फोन केला. राजापेठेतल्या माझ्या घरापासून अकोला काही फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपता संपेना. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, छाती कमजोर आहे, झळांपासून आणि धुळीपासून जपा. तेव्हापासून फोनवर मी बाबांचं बोलणं कमी आणि श्वास जास्त ऐकते. एक वाक्य झालं की ते थांबतात आणि त्या थांबण्यात माझा जीव टांगणीला लागतो. म्हणून या एप्रिलमध्ये कॉलेजच्या परीक्षा आटोपताच मी ठरवलं, त्यांच्या खोलीत एसी बसवून टाकायचा. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते.

एसी बसवणारा माणूस सकाळीच मापं घ्यायला आला. सगळी खोली हिंडून तो मागच्या खिडकीपाशी थबकला. खिडकीचा एक पल्ला चार बोटं उघडा होता आणि तो मिटू नये म्हणून फटीत लाकडाचा ठोकळा बसवलेला होता.

“मॅडम, हे पॅक करा लागते,” तो म्हणाला. “एक फट बी नाई राह्यली पायजे.”

“करा,” मी म्हणाले.

बाबा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी त्या ठोकळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तो माणूस पत्रा आणायला गेला, दुपारून येतो म्हणाला. जेवणं झाल्यावर बाबा उताणे पडून राहिले आणि त्यांचा डोळा लागला. मी भांडी विसळून आले, सहज वर पाहिलं, तर तो डबा.

झाकण काढलं. आत कापूस होता, पिवळा पडलेला, दबलेला. त्याला तेलाचा वास होता, उदबत्तीचा होता, आणि त्याखाली आईच्या पेटीतल्या लुगड्यांचा. मी तो नाकाशी धरून कितीतरी वेळ उभी राहिले. पन्नाशी ओलांडलेली बाई, कॉलेजात मुलांना भौतिकशास्त्र शिकवणारी, डब्यात नाक खुपसून उभी होती. कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं.

माझे बाबा कूलर बनवायचे. अकोल्याच्या जुन्या शहरात रशीदचाचांच्या भागीदारीत त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. एरवी दोघं धान्याच्या कोठ्या करायचे, बादल्यांना बूड लावायचे, छपराच्या पन्हाळी ठोकायचे. होळी झाली की ते सगळं बाजूला पडायचं आणि दुकानासमोर कूलरचे उघडे सांगाडे रांगेने उभे राहायचे. शाळेतून येताना दोन गल्ल्या अलीकडूनच मला पत्र्यावरचा हातोडा ऐकू यायचा. बाबांचा हातोडा सावकाश पडायचा, चाचांचा घाईत. त्या आवाजावरून मी ओळखायचे, आज चाचा चिडलेत की बाबा.

आणि मग तो वास. कूलरच्या बाजूंना लावायच्या ताट्यांत भरायचं लाकडाचं कुरळं गवत यायचं, पोतीच्या पोती. ते कोरडं असताना त्याचा वास सुताराच्या दुकानासारखा असायचा. पण नव्या ताटीवरून पहिल्यांदा पाणी सुटलं, पंखा फिरला आणि पहिला गार झोत तोंडावर आला की जो वास यायचा, त्याला माझ्याकडे आजही शब्द नाही. पावसाच्या मातीचा वास सगळ्यांना माहीत असतो, त्यावर सगळे बोलतात. आम्हा वऱ्हाडातल्या पोरांच्या नाकात त्याच्याआधी हा वास बसलेला असतो. तो आला की उन्हाळा लागला, परीक्षा संपल्या, आणि दुपारी सतरंजीवर लोळायची सोय झाली.

बाहेर काय असायचं ते सांगून पटायचं नाही. बारा वाजले की रस्ता रिकामा. डांबराच्या वर हवा थरथरताना दिसायची, आणि पलीकडचं लिंबाचं झाड पाण्यात उभं असल्यासारखं हलायचं. हवा डोळ्यांना दिसते हे मी पुस्तकात वाचण्याआधी त्या रस्त्यावर पाहिलं. मध्येच कुठून तरी वावटळ उठायची. पाचोळा, कागद, कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल घेऊन ती गल्लीच्या तोंडाशी गोल फिरायची, आम्ही ओरडत दारामागे लपायचो आणि फटीतून बघायचो. काही नसलेल्या जागेतून एवढी मोठी गोष्ट उभी राहते आणि परत काही नसल्यासारखी होऊन जाते, याची मला भीती वाटायची आणि तिच्यावरून नजरही हटायची नाही. हिवाळ्यात तीच हवा इतकी शहाणी व्हायची की ओळखू येत नसे. पहाटे चुलीतल्या पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या झाडांच्या, काड्यांचा धूर अंगणाच्या वर जाऊन थांबायचा, आडवा पसरायचा. जिनिंग कारखान्याकडून येणारी कापसाची लव तरंगत यायची आणि आईच्या केसांत बसायची. ती टिपताना आई म्हणायची, “पाह्य, फुकटचा कापूस.”

आई रोज संध्याकाळी वाती वळायची. मांडीवर कापूस, बोटाला राख, ओठांत काहीतरी पुटपुटणं. बाबा दुकानात निघताना तिच्या डब्यातून चिमूटभर कापूस काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे. आई रोज म्हणायची, “देवाचा कापूस हाय तो.” बाबा रोज म्हणायचे, “मी बी देवाच्याच कामाले नेऊन राह्यलो.”

ते काम काय होतं, हे मी अंजनगाव सुर्जीला पाहिलं. मी तेव्हा सातवीत होते. तिथल्या एका पानमळेवाल्या काकाजींनी मुलीच्या लग्नासाठी आमच्या दुकानातला सगळ्यात मोठा कूलर नेला होता आणि दुसऱ्याच दिवशी निरोप आला, तुमचा कूलर बेकार आहे, वरपक्ष घामाने भिजला, येऊन पाहा. बाबा, चाचा आणि हट्ट करून मी, असे तिघे टेम्पोत बसून गेलो. खोलीच्या दारातच वाफेचा असा लोट अंगावर आला की माझा श्वास अडकला. कूलर व्यवस्थित चालू होता. पण काकाजींनी मागची खिडकी, दाराखालची फट, वरचा झरोका, जिथे बोट जाईल तिथे ओलं बारदान कोंबलं होतं. जन्मभर ते विड्याची पानं ओल्या बारदानात गुंडाळून टोपल्या भरत आले होते. जपायचं म्हणजे ओलं करायचं आणि झाकायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. आत वराकडची दहा-बारा माणसं त्या पानांसारखीच एकावर एक बसली होती, लाल झालेली, रुमालाने वारा घेत.

“काकाजी, हे बारदान कावून लावलं?” बाबांनी विचारलं.

“कावून म्हंजे? थंडी भायेर जाईन ना, भाऊ!”

चाचांनी माझ्याकडे पाहून डोळा मारला. बाबा हसले नाहीत. बाबा गिऱ्हाइकाला कधी हसत नसत. त्यांनी विचारलं, “पानाची टोपली तुमी मधात उघडून पानं फेरता का नाई?”

“फेराच लागते. नाई तं सडते.”

“कावून सडते?”

काकाजींनी वळून बारदानाकडे पाहिलं. बाबा मागच्या खिडकीपाशी गेले, बारदान ओढून काढलं, पल्ला उघडला आणि फटीत स्वतःची चार बोटं उभी धरून माप घेतलं. मग खिशातला कापूस काढला, त्याचा विरळ तंतू सोडवला आणि फटीपाशी धरला. तंतू आधी नुसता लोंबला. मग थरथरला, बाहेरच्या बाजूला वळला आणि ताठ झाला. बाबांनी बोटं सोडली. कापूस खिडकीबाहेर निघून गेला. खोलीतली सगळी माणसं त्याच्या मागे बघत राहिली. थोड्याच वेळात कूलरच्या तोंडासमोरचा एक म्हातारा डोळे मिटून “हाऽऽ” म्हणाला आणि बाकीचे हळूहळू आपापल्या जागी सैल झाले.

“तिले जाऊ द्या, काकाजी,” बाबा म्हणाले. “जुनी जाईन तवाच नवी येईन.”

ही चूक आमच्याकडे पुष्कळ जण करायचे, आजही करतात. बाबा दरवर्षी अशा कितीतरी घरांत जाऊन चार बोटं खिडकी उघडून यायचे आणि कापूस सोडायचे. मला मात्र त्या दिवशी खोलीतल्या न दिसणाऱ्या वस्तूचं अख्खं अंग एकदम दिसल्यासारखं झालं. ती एका बाजूने येते, पाणी पिते, आपल्याला शिवते आणि दुसऱ्या बाजूने निघून जाते. परतीच्या रस्त्यात मी विचारलं, “बाबा, कूलरच्या टाकीतलं पाणी रोज संपते, ते कुठी जाते?”

“हवा पेते,” बाबा म्हणाले. “अठची हवा लय तहानेली असते. अन् ओझं घेऊन खिडकीतून जाते.”

“मंग पुढी?”

“पुढी जाईन चिखलदऱ्याले,” चाचा म्हणाले. “वहाँ जाके गिरायेगी.”

बाबांचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं, पण दुकानात काम नसलं की ते माझी शाळेची पुस्तकं वाचायचे. त्या वर्षी त्यांनी माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं की हवेला वजन असतं. झालं. घरी येऊन त्यांनी सुतळीने खोली मोजली, पेन्सिल कानावर ठेवली, काढली, परत ठेवली, आणि तासाभराने जाहीर केलं की या आपल्या खोलीत साधारण एका सिमेंटच्या पोत्याएवढी हवा आहे. त्यात थोडं कमी असेल, पण जास्त नाही.

आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, “म्हंजे मी रोज झाडून काढते ते पोतं कुठी राह्यते?”

आम्ही हसलो, पण मला त्या पोत्याने झपाटलं. मी खोलीत हात पुढे करून चालायचे आणि मला वाटायचं, मी सिमेंटच्या पोत्यातून चालतेय. रोज संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून सतरंजी टाकली की बाबा मला वर बोट दाखवायचे. “आपून तळाशी राह्यतो, पोरी. विहिरीच्या तळाशी मासोळी राह्यते तसे. वर लय हवा हाय. तिचं सारं वझं आपल्या डोक्यावर हाय, पण समजत नाई. कावून, का आपल्या आतमंदी बी तीच हाय.” मग तो माणूस, ज्याचे हात पत्र्याने जागोजागी कापलेले होते, छाती भरून श्वास घ्यायचा आणि ऐकवायचा, कसा आत गेला, कसा बाहेर आला. मी पुढे मोठमोठ्या प्राध्यापकांची व्याख्यानं ऐकली. वातावरणाचा दाब मला त्या गच्चीवर जितका कळला तितका परत कधीच कळला नाही.

आई गेली तेव्हा मी बारावीत होते. काय झालं, कसं झालं, ते मला अजून नीट लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. मार्च होता. समोरच्या खिडकीत कूलर अजून बसवायचा होता. मला आठवतं ते एवढंच की याच खोलीत, याच खाटेपाशी बाबा वाकले, सदऱ्याच्या खिशातून त्यांनी चिमूटभर कापूस काढला, त्याचा तंतू विरळ केला आणि आईच्या नाकाशी धरला. मी त्या तंतूकडे पाहत होते. जन्मभर मी त्याला हलताना पाहिलं होतं. बाबांचा हात इतका स्थिर होता की मला वाटलं, हात तरी हलवा. तंतू हलला नाही. बाबांनी तो परत खिशात ठेवला, उठले आणि मागची खिडकी लावून घेतली.

त्यानंतर ती खिडकी उघडली नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी कूलर लागला नाही. बाबा त्या खोलीतच झोपायचे, घामाने सतरंजी भिजायची, पण आत जाताना दार जेमतेम अंग जाईल एवढंच उघडायचे आणि लगेच ओढून घ्यायचे. मी बाहेरच्या खोलीत झोपायचे. मला वाटायचं, दुःखाची प्रत्येकाची आपापली तऱ्हा असते. दिवसभर गावाच्या खिडक्या उघडत फिरणारा माणूस संध्याकाळी येऊन स्वतःच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतो, हे पाहून चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, “तू जा बेटा अमरावतीले. तू बी कोंडून जाशीन अठी.”

बाबा मला पोचवायला आले. एसटी स्टँडवर पेटी टपावर चढवून दिली, मग खाली उभे राहून माझ्या खिडकीची काच सरकवायला लागले. ती अडकली होती. दोन्ही हातांनी जोर लावून त्यांनी ती चार बोटं सरकवली आणि गाडी सुटेपर्यंत त्या फटीत बोटं ठेवून उभे राहिले. गाडी हलल्यावर बोटं काढली.

त्या रस्त्याने मी पुढे शेकडो वेळा गेले. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मला कळलं की अकोल्याहून अमरावती जितकी लांब आहे, साधारण तेवढंच सरळ वर गेलं की हवा संपते. संपते म्हणजे जवळजवळ काही उरत नाही. मी त्या आठवड्यात घरून परतताना खिडकीशी बसून रस्ता आभाळाकडे उभा करून पाहिला. बोरगाव मंजूला पोचेपर्यंत जवळपास सगळी हवा मागे पडलेली. मूर्तिजापूरला श्वास घ्यायला नावापुरतंच काही. आणि एवढ्याशा थरात सगळं आलं. वावटळी, ढग, पऱ्हाटीचा धूर, विमानं, पाखरं, पृथ्वीवर आजवर कोणीही बोललेला प्रत्येक शब्द. एसटीच्या तीन तासांच्या रस्त्याएवढी जाड गोधडी, आणि तिच्याबाहेर काही नाही. मूर्तिजापूरच्या स्टँडवर चहाचा कप हातात धरून मी वर बघायला घाबरत होते. अशा भीतीला दुसरं नाव असायला हवं, कारण तिच्यात आनंदही असतो.

दुसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर एक गणित घातलं. एका श्वासात हवेचे कण किती, आणि सगळ्या वातावरणात श्वास किती मावतील. दोन्ही आकडे इतके मोठे की शून्यं मोजताना फळा पुरला नाही. आणि ते दोन आकडे जवळजवळ सारखे निघाले. सर हात झटकत म्हणाले, याचा अर्थ असा की कोणाचाही एक श्वास घ्या, तो वाऱ्यांबरोबर काही वर्षांत सगळ्या पृथ्वीवर पसरतो, आणि मग जगात कुठेही, कोणीही श्वास घेतला, तरी त्यात त्या श्वासाचा सरासरी एखादा तरी कण येतो. वर्गात कोणीतरी विचारलं, सर, हे परीक्षेला येईल का. मी वहीवर डोकं ठेवून रडत होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा जेवून उठले, त्या बंद खोलीकडे निघाले, आणि मी विचारलं, “बाबा, खिडकी कावून नाई उघडत तुमी?”

ते दाराला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, “तुह्या मायचा शेवटचा श्वास हाय आत. उघडली तं जाईन.”

मला तोवर हे माहीत नव्हतं. मी त्यांना वेडं म्हणू शकले नाही, कारण त्या पोत्याचं माप मला त्यांनीच शिकवलं होतं. त्या पोत्यात एक श्वास आईचा, एवढाच त्यांचा हिशोब होता. मी वही काढली. जमिनीवर बसून त्यांना गणित सांगितलं. शून्यं लिहीत गेले, ते बोटाने मोजत गेले. संपल्यावर म्हणाले, “आणखीन एकदा कर.” मी परत केलं. मग त्यांनी विचारलं, “म्हंजे खिडकी लावली तरी ती थांबली नसंन?”

“नाई बाबा. दाराच्या फटीतून तवाच निंघून गेली.”

“अन् आता?”

“आता सारीकडे हाय. तुमी श्वास घ्या. त्यात बी असंन थोडीशी.”

बाबांनी श्वास घेतला. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मग ते उठले, आत गेले, आणि मला कडी सरकल्याचा आवाज आला. दोन वर्षं मिटलेल्या बिजागऱ्या मोठ्याने कुरकुरल्या. दुकानातून आणलेला लाकडाचा ठोकळा त्यांनी दुसऱ्या दिवशी फटीत बसवला, आणि चाचांना बोलावून समोरच्या खिडकीत कूलर चढवला. तो पहिला झोत, तो ओल्या लाकडाचा वास. आम्ही तिघं त्यासमोर ओळीने बसलो होतो.

आता चाचा नाहीत. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मी दरवर्षी मुलांना ते गणित शिकवते. एका माणसाचा श्वास, असं म्हणते. कोणाचा, ते सांगत नाही.

कापसाचा डबा हातात घेऊन मी हे सगळं आठवत उभी होते, आणि एकाएकी लक्षात आलं की खोली फार शांत आहे. बाबांच्या श्वासाचा आवाज येत नव्हता. त्यांची छाती हलतेय की नाही, ते सदऱ्यावरून कळेना. हाक मारायचं धाडस होईना. मी डब्यातून चिमूटभर कापूस काढला, त्याचा तंतू सोडवला, आणि खाली वाकून त्यांच्या नाकाशी धरला. माझा हात बाबांसारखा स्थिर नव्हता, त्यामुळे तंतू हात कापतोय म्हणून हलतोय की आणखी कशाने, ते समजेना.

“चालू हाय अजून,” बाबा डोळे न उघडता म्हणाले. “तो खिडकीपाशी धर.”

मी खाटेच्या कडेवर मटकन बसले. हसायलाही येत होतं आणि रडायलाही. बाबांनी डोळे उघडले, माझ्या हातातल्या कापसाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

“तुह्यं ते गणित,” ते म्हणाले. थांबले. श्वास घेतला. “बरोबर होतं ना?”

“व्हय, बाबा. बरोबर हाय.”

“मंग खिडकी कावून बंद करून राह्यली?”

खरं उत्तर होतं, तुम्ही जाऊ नये म्हणून. त्यांना हवा मिळावी म्हणून मी आले होते असं मी स्वतःला सांगत होते, पण मला त्यांचा श्वास या खोलीत कोंडून ठेवायचा होता. एकही फट न ठेवता. त्यांनी आईचा ठेवला होता तसा. मी ते बोलले नाही, पण बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणजे त्यांना कळलं असावं.

तीन वाजता तो माणूस पत्रा घेऊन आला. मी त्याला म्हणाले, “एसी बसवा. खिडकी तशीच राहू द्या. चार बोटं.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “मॅडम, थंडी भायेर जाईन ना!”

खाटेवरून बाबा इतक्या मोठ्याने हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी द्यायला धावले, तर हातानेच नको म्हणाले, हसू आवरत नव्हतं. तो बिचारा पत्रा हातात धरून उभा. भौतिकशास्त्र शिकवणारी बाई आणि एसी लावून खिडकी उघडी ठेवते, हे तो संध्याकाळी घरी जाऊन नक्की सांगणार होता. ठसका थांबल्यावर बाबा त्याला म्हणाले, “जाऊ दे, भाऊ. थोडी गेली तं जाऊ दे.” आणि मला म्हणाले, “मे महिना राह्य अठी. जून लागला का जा आपल्या घरी.”

“जाईन,” मी म्हणाले.

एसी सुरू झाला. त्याला कसलाच वास नव्हता. मी मागच्या खिडकीपाशी गेले, फटीत चार बोटं धरून पाहिली. बाबांच्या चार बोटांना माझी जवळजवळ पाच लागली. मग कापसाचा तंतू त्या फटीपाशी धरला. तो थोडा वेळ नुसता लोंबत राहिला. मागे बाबांनी एक लांब श्वास घेतला आणि सोडला, तो मला स्पष्ट ऐकू आला. तंतू बाहेरच्या बाजूला वळला, ताठ झाला. मी बोटं सोडली.